लिनक्सवर पायथनचं नवं व्हर्जन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीनवर पायथनचं जुनं व्हर्जन आहे आणि एखादी लायब्ररी नवं मागते आहे, इथून बहुतेक प्रश्न सुरू होतात. खालची उत्तरं मुख्यतः डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट घराण्यातल्या लिनक्ससाठी आहेत; मॅकओएस आणि फ्रीबीएसडीसाठी शेवटाकडे वेगळं उत्तर आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

नवं व्हर्जन टाकायचं म्हणजे जुनं काढायचं का?

नाही. एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ इथे बसलेला पायथन तुमच्या कामासाठी नसतो, डिस्ट्रोच्या (म्हणजे डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्स सिस्टीमच्या) स्वतःच्या कामासाठी असतो. फायरवॉल सांभाळणारे यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी, क्लाउडमधलं मशीन पहिल्यांदा सुरू होताना धावणारं क्लाउड-इनिट, लॉगवर नजर ठेवणारं फेल२बॅन, रेड हॅट ८ आणि ९ मधलं पॅकेजं बसवणारं डीएनएफ, हे सगळं पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि डिस्ट्रोने ते एका ठरावीक व्हर्जनवर तपासून दिलेलं आहे. त्याला हात लावायचा नाही. नवं व्हर्जन शेजारी बसवायचं आणि आपले प्रोजेक्ट एकेक करून त्यावर न्यायचे.

तीन-चार व्हर्जन एकाच मशीनवर सुखाने नांदतात. प्रत्येकाची लायब्ररी आपापल्या आकड्याच्या फोल्डरमध्ये असते आणि बायटकोडच्या फाइलींच्या नावातही व्हर्जनचा आकडा असतो, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याने उचलली असं होत नाही.

सध्या नेमका कोणता पायथन चालतोय हे कसं कळेल?

‘पायथन३ --व्हर्जन’ आकडा सांगतं, पण हा पायथन कुठला ते सांगत नाही. ‘टाइप -ए पायथन३’ दिलं की त्या नावाचे जितके पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्या यादीत) आहेत तितके क्रमाने दिसतात. त्यातला पहिला चालतो. पायथनच्या आतून विचारायचं असेल तर ‘सिस.एक्झिक्यूटेबल’ छापा. तिथे खोटं बोलायला वाव नाही.

नवं बसवूनही जुनाच आकडा दिसत असेल तर बहुधा बॅशने (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या शेलने) आधीची जागा लक्षात ठेवलेली असते. ‘हॅश -आर’ द्या किंवा नवं टर्मिनल उघडा.

नुसतं ‘पायथन’ लिहिलं की कमांड सापडत नाही. का?

पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला; शेवटचं २.७.१८ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं. पुढे डेबियन आणि उबुंटूने ‘पायथन’ हे बिनआकड्याचं नाव मोकळंच ठेवलं. ते हवंच असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं पॅकेज आहे, ते फक्त तेवढी लिंक (एका नावावरून दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) करून देतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन फोल्डरच्या, थोडक्यात ‘व्हेन्व’च्या) आत मात्र ‘पायथन’ नेहमी असतं.

कोणतं व्हर्जन निवडावं?

३.९ पासून दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. ३.१३ पासून पहिली दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या येतात, नंतरची तीन वर्षं फक्त सुरक्षेच्या. ३.९ चा काळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ३.१० चा ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो.

माझं मत सांगायचं तर सर्व्हरवरच्या कामासाठी सर्वात नव्याच्या एक पायरी मागचं घ्यावं. ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं, तर ३.१३. ऑक्टोबरात आलेल्या व्हर्जनवर नोव्हेंबरात उडी मारणाऱ्यांचा निम्मा वेळ भाषा शिकण्यात जात नाही, एखाद्या लायब्ररीचं तयार पॅकेज कधी येतं याची वाट पाहण्यात जातो. शिकण्यासाठी आणि गंमत म्हणून मात्र सर्वात नवं खुशाल घ्या.

‘/यूएसआर/बिन/पायथन३’ ही लिंकच नव्याकडे वळवली तर काम सोपं होणार नाही का?

दहा मिनिटं होईल. मग काय होतं ते उबुंटू २४.०४ वर पाहू. तिथला सिस्टीमचा पायथन ३.१२. समजा शेजारी ३.१३ बसवलं आणि लिंक त्याच्याकडे वळवली. थोड्या वेळाने एखादी कमांड चुकीची टाइप केली किंवा ‘ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी’ चालवलं, की ‘ॲप्ट_पीकेजी’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही अशी चूक येते. ते मॉड्यूल नाहीसं झालेलं नसतं. ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’ मध्ये जाऊन बघा, फाइल जागेवर आहे. पण तिच्या नावात ‘सीपायथन-३१२’ असं लिहिलेलं आहे. ते सी मधून ३.१२ साठी कम्पाइल केलेलं मॉड्यूल आहे. ३.१३ आपल्या आकड्याची फाइल शोधतो, ती मिळत नाही, आणि तो हात वर करतो.

लोक मग ती फाइल कॉपी करून नावातला आकडा बदलतात. नेटवर हा उपाय जागोजागी सापडतो. तो करू नका. एका व्हर्जनसाठी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की कधी चालतं, कधी प्रोसेसच कोसळते, आणि तेव्हा कारण शोधायला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. उबुंटूच्या काही आवृत्त्यांत तर ‘ग्नोम-टर्मिनल’ सुरू करणारी फाइलच पायथन स्क्रिप्ट आहे. लिंक वळवल्यावर टर्मिनल उघडतच नाही, म्हणजे दुरुस्ती जिथून करायची तेच दार बंद.

सेंटओएस ७ वर याच हट्टापायी ‘यम’ (तिथलं पॅकेजं बसवणारं टूल) मोडायचं, कारण ते पायथन २ मध्ये होतं आणि लोक ‘पायथन’ ही लिंक ३ कडे वळवायचे. रेड हॅटने ८ मध्ये यावर शहाणपणाचा तोडगा काढला: सिस्टीमसाठीचा पायथन ‘/यूएसआर/लिबएक्झेक’ मध्ये ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या नावाने आत ठेवून दिला. कुणी चुकून हात लावणार नाही.

लिंक वळवून झाली आहे. आता?

टर्मिनल उघडत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा आणि लॉगिन करा. डिस्ट्रोचं मूळ व्हर्जन कोणतं ते माहीत हवं: उबुंटू २२.०४ वर ३.१०, २४.०४ वर ३.१२, डेबियन १२ वर ३.११, डेबियन १३ वर ३.१३. ‘सुडो एलएन -एसएफ पायथन३.१२ /यूएसआर/बिन/पायथन३’ असं, आपल्या आकड्याने, लिंक परत जागेवर आणा.

‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’ (एका नावामागे कोणतं व्हर्जन चालवायचं ते ठरवणारी कमांड) वापरून वळवली असेल तर आधी तिथली नोंद ‘--रिमूव्ह-ऑल’ ने काढा. या कमांडने नोंदीबरोबर लिंकही जाते, म्हणून लगेच वरची कमांड देऊन ती पुन्हा बनवा.

आणि वैतागून ‘ॲप्ट रिमूव्ह पायथन३’ कधीही देऊ नका. काय काय काढलं जाणार त्याची यादी आधी दाखवली जाते. ती वाचली तर कुणी ‘हो’ म्हणणार नाही. डेस्कटॉपचा मोठा भाग तिच्यात असतो.

जावाला ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’ चालतं, मग पायथनला का नाही?

जावाच्या व्हर्जनवर सिस्टीमची स्वतःची कामं अडलेली नसतात आणि जावाची पॅकेजंच त्या व्यवस्थेत आपली नोंद करतात. डेबियन-उबुंटूची पायथनची पॅकेजं अशी नोंद करत नाहीत. ती लिंक थेट पॅकेजच्या मालकीची असते.

नवं व्हर्जन आणायचं कुठून?

आधी डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या साठ्यात) बघा. रेड हॅट ९ चा सिस्टीमचा पायथन ३.९ आहे, पण ३.११ आणि ३.१२ ही वेगळी पॅकेजं अधिकृतपणे मिळतात. ‘डीएनएफ इन्स्टॉल पायथन३.१२’, झालं. सुरक्षेच्या दुरुस्त्या इतर अपडेटबरोबर येत राहतात, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

उबुंटूवर ‘डेडस्नेक्स’ हा पीपीए (अधिकृत नसलेली वेगळी रिपॉझिटरी) पुष्कळ लोक वापरतात. तो उबुंटूसाठी आहे, डेबियनवर लावू नये. तिथून ‘पायथन३.१३’ घेतलं तरी ‘पायथन३.१३-व्हेन्व’ वेगळं मागावं लागतं, आणि सी मधली काही लायब्ररी कम्पाइल करायची असेल तर ‘पायथन३.१३-डेव्ह’ सुद्धा. ‘व्हेन्व बनत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं.

स्वतःच्या लॅपटॉपसाठी मी ‘यूव्ही’ सुचवेन. ‘यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१३’ दिलं की तयार बांधलेला पायथन उतरवून तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवला जातो. कम्पाइल नाही, सुडो (ॲडमिनचे अधिकार) नाही, सिस्टीमच्या पायथनशी संबंध नाही. ‘पायएन्व्ह’ त्याच्याआधीपासूनचं आणि चांगलं आहे, पण ते सोर्स (मूळ कोड) आणून तुमच्याच मशीनवर बांधतं, म्हणून खालच्या प्रश्नातली सगळी डोकेदुखी तिथेही लागू होते.

सोर्समधून बांधताना काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, शेवटची कमांड ‘मेक इन्स्टॉल’ नाही, ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’. ऑल्टइन्स्टॉल फक्त ‘पायथन३.१३’ या पूर्ण नावाने बसवतं. ‘पायथन३’ या नावाला शिवत नाही. साध्या इन्स्टॉलने ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये ‘पायथन३’ ही लिंक तयार होते, आणि ते फोल्डर पाथमध्ये सहसा ‘/यूएसआर/बिन’ च्या आधी असल्याने ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३’ ने सुरू होणारी प्रत्येक स्क्रिप्ट नव्यावर धावू लागते.

दुसरी, ‘कॉन्फिगर’ ला वेगळी जागा द्या: ‘--प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन-३.१३’. सोबत ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ द्या. बांधायला बराच जास्त वेळ लागतो, पण चालताना पायथन वेगवान होतो.

तिसरी, आणि इथेच लोक अडकतात. ओपनएसएसएल, झेडलिब, बीझेड२, रीडलाइन, एसक्यूलाइट, लिबएफएफआय आणि एलझेडएमए यांची ‘-डेव्ह’ पॅकेजं आधी बसवा. ती नसली तरी बांधणी थांबत नाही! पायथन तयार होतो, फक्त ती मॉड्यूल नसलेला. ‘मेक’ संपताना जी ऐच्छिक मॉड्यूल बांधता आली नाहीत त्यांची यादी छापली जाते, पण ती कोण वाचतो? मग पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारं टूल) चालवलं की ‘एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही’. इथे पिपचा काही दोष नाही. ‘-डेव्ह’ पॅकेज टाकून पुन्हा ‘कॉन्फिगर’ पासून सुरुवात करा. ३.१० आणि पुढच्या व्हर्जनला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवं लागतं. सेंटओएस ७ वर १.०.२ आहे, म्हणून तिथे सगळी पॅकेजं टाकूनही एसएसएल बनत नाही.

पिप म्हणतं ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. कसं घालवायचं?

घालवायचं नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवायला ही मनाई आहे. ॲप्टने (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज टूलने) ठेवलेल्या फाइलींवर पिपने स्वतःच्या फाइली टाकू नयेत एवढाच हेतू. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. कमांड म्हणून वापरायचं एखादं टूल हवं असेल तर ‘पिपएक्स’. ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ असा पर्याय आहे खरा, आणि त्याचं नाव ठेवणाऱ्याने प्रामाणिकपणे ठेवलं आहे.

जुनं व्हेन्व नव्या व्हर्जनवर नेता येतं का?

नाही, नवं बनवायचं. डेबियन १२ वरून १३ वर गेल्यावर काय होतं ते पाहिलं की कारण कळतं. व्हेन्वच्या ‘बिन’ मधला ‘पायथन३’ ही नुसती ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ ची लिंक असते. अपग्रेडनंतर तीच लिंक ३.१३ कडे पोचते. पायथन बिनतक्रार सुरू होतो, पण लायब्ररी शोधतो ‘लिब/पायथन३.१३/साइट-पॅकेजेस’ मध्ये, आणि तुमच्या सगळ्या लायब्ररी ‘लिब/पायथन३.११’ मध्ये पडून असतात. परिणाम, काल चालणारा ॲप आज ‘जँगो नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणतो.

म्हणून अपग्रेडच्या आधी ‘पिप फ्रीझ’ ची यादी फाइलीत घेऊन ठेवा, नंतर ‘पायथन३.१३ -एम व्हेन्व’ ने नवं व्हेन्व करून त्यात ती बसवा. ‘व्हेन्व --अपग्रेड’ असा पर्याय दिसेल, तो ३.१३.१ वरून ३.१३.२ सारख्या बदलापुरता. व्हेन्व उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणंही टाळा, आतल्या स्क्रिप्टांमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो.

यादी बसवताना पिप पानभर लाल मजकूर ओकतं. काय बिघडलं?

बहुधा यादीतल्या जुन्या लायब्ररीचं तुमच्या नव्या पायथनसाठी तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) नाही, म्हणून पिप सोर्समधून बांधायला बसलं आहे. उदाहरणार्थ ३.१२ साठी नमपायचं पहिलं व्हर्जन १.२६. यादीत १.२४ पक्कं लिहिलेलं असेल तर ३.१२ वर ‘पीकेजीयूटिलमध्ये इम्पइम्पोर्टर नाही’ अशी चमत्कारिक चूक दिसते. जुन्या सेटअपटूल्सला लागणारी ती गोष्ट ३.१२ ने काढून टाकली आहे. जीसीसी (सी चा कम्पाइलर) आणि ‘-डेव्ह’ पॅकेजं जमवत बसण्याआधी लायब्ररीचा आकडा वाढवून बघा. दहातल्या आठ वेळा तेवढ्याने भागतं.

माझ्या कोडमध्ये काय मोडेल?

कुठून कुठे उडी आहे त्यावर अवलंबून. ‘कलेक्शन्स’ मधून ‘मॅपिंग’ घेणं ३.१० मध्ये बंद झालं, ते आता ‘कलेक्शन्स.एबीसी’ मध्ये. ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’, ‘इम्प’ आणि ‘असिंककोर’ गेले, शिवाय नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणं थांबलं. ३.१३ ने तर एका फटक्यात १९ जुनी मॉड्यूल काढली, त्यात ‘सीजीआय’, ‘क्रिप्ट’ आणि ‘टेलनेटलिब’ आहेत. जुन्या नेटवर्क उपकरणांशी बोलणाऱ्या स्क्रिप्टांना शेवटचं जोरात लागतं.

यातलं काहीही अचानक झालेलं नाही. वर्षानुवर्षं इशारे येत होते, पण पायथन ते सहसा दाखवत नाही. म्हणून चाचण्या आधी जुन्याच व्हर्जनवर ‘-डब्ल्यू एरर’ लावून चालवा. प्रत्येक इशारा चूक बनून समोर येतो आणि दुरुस्त करताना पायाखाली ओळखीची जमीन असते. ते निवळलं की मगच व्हर्जन बदला. दोन्ही बदल एकदम केले की कशामुळे काय मोडलं ते सांगता येत नाही.

३.१० टाकायला सांगितलं तर ऑटोमेशन ३.१ शोधतं!

ऑटोमेशनच्या यामल (सेटिंग लिहिण्याच्या) फाइलीत ३.१० अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर ती दशांश संख्या समजली जाते आणि शेवटचं शून्य गळतं. याच जातीची दुसरी चूक कोडमध्ये असते: ‘सिस.व्हर्जन’ ची पहिली तीन अक्षरं घेऊन तुलना करणं. अक्षरांच्या हिशेबात ३.१० हे ३.९ च्या आधी येतं. ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ वापरा.

हाताने चालवलं तर नव्यावर चालतं, क्रॉनमधून जुन्यावर. का?

क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) तुमची ‘.बॅशआरसी’ (शेलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही आणि त्याचा पाथ अगदी त्रोटक असतो. तुम्ही केलेला एलियस किंवा पायएन्व्हची जुळवाजुळव त्याच्या गावीही नसते. क्रॉनटॅबमध्ये व्हेन्वच्या पायथनचा पूर्ण पाथ लिहा. ‘ॲक्टिव्हेट’ करायची गरजच पडत नाही. सिस्टमडीच्या (सिस्टीमच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) ‘एक्झेकस्टार्ट’ मध्येही तेच. सुडोचा पाथसुद्धा ‘सिक्युअर_पाथ’ मधून येतो, तुमच्या शेलमधून नाही.

अपाचे वेब सर्व्हरचं ‘मॉड_डब्ल्यूएसजीआय’ (पायथन ॲप चालवणारं मॉड्यूल) वापरत असाल तर ते ज्या पायथनसाठी बांधलं त्याच व्हर्जनचं व्हेन्व त्याला लागतं. व्हर्जन बदललं की तेही नव्याने बांधायचं.

नव्याने वेग वाढतो का?

३.१० वरून ३.११ वर जाताना वाढतो. पायथनच्या स्वतःच्या मोजणीत १० ते ६० टक्के, सरासरी १.२५ पट. त्यानंतरच्या पायऱ्या लहान आहेत. ॲप डेटाबेसची वाट पाहण्यात वेळ घालवत असेल तर यातलं काहीच जाणवणार नाही.

मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर?

ॲपलने २०२२ साली मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढला. ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ आहे तो डेव्हलपर टूल्ससोबत येतो. त्याला तसाच राहू द्या आणि होमब्रू (मॅकसाठीचं पॅकेज टूल) किंवा यूव्ही वापरा. होमब्रू अपग्रेड करताना जुना पायथन गेला की त्यावर उभी असलेली व्हेन्व मोडतात.

फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टीममध्ये पायथन नाहीच, म्हणून वरची निम्मी भीती तिथे लागू होत नाही. सगळं ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये. लायब्ररींच्या पॅकेजच्या नावात ‘पाय३११’ सारखा आकडा असतो, तो तुमच्या पायथनशी जुळतो ना एवढं बघा.

सगळं नव्यावर गेलं. जुनं कसं काढू?

सिस्टीमचा असेल तर काढायचा नाही, तो डिस्ट्रोच्या अपग्रेडबरोबर आपोआप बदलतो. पॅकेज म्हणून शेजारी बसवलेला ॲप्ट किंवा डीएनएफने काढा. त्याआधी क्रॉनटॅब, सिस्टमडीच्या फाइली आणि स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळी यांत तो आकडा ‘ग्रेप’ ने शोधून घ्या. सोर्समधून बांधलेल्यासाठी ‘मेक अनइन्स्टॉल’ अशी सोय पायथनमध्ये नाही. ‘/ऑप्ट’ मध्ये वेगळी जागा दिली असेल तर तेवढं फोल्डर पुसलं की काम झालं. ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये मिसळला असेल तर ‘बिन’, ‘लिब’, ‘इन्क्लूड’ आणि ‘शेअर/मॅन’ मधून त्या आकड्याच्या फाइली हाताने वेचाव्या लागतात.